खाणीतले पाणी : उपसा आणि नकाशा

भूमिगत कोळसा खाणीत पाणी चार वाटांनी येते. कोळशाच्या थरावर जो सच्छिद्र खडक असतो, त्यातले पाणी छतातून झिरपते. पावसाचे आणि नदीनाल्याचे पाणी जमिनीला पडलेल्या भेगांतून, खचलेल्या खड्ड्यांतून किंवा थेट खाणीच्या तोंडातून आत उतरते. शेजारच्या किंवा वरच्या थरातल्या, कधीकाळी सोडून दिलेल्या कामांत साचलेले पाणी मधली भिंत फोडून येऊ शकते. आणि काही पाणी खाणकामासाठीच आत नेलेले असते : धूळ बसवायला, छिद्रे पाडायला, पोकळीत वाळू भरायला. यांतले पहिले, दुसरे आणि चौथे पाणी कधी आणि किती येईल याचा अंदाज बांधता येतो, म्हणून ते पंपाने हाताळता येते. तिसरे पाणी एकदाच येते, आणि ते येते तेव्हा पंप उपयोगी पडत नाही. त्याला अडवण्याचे साधन म्हणजे अचूक नकाशा. खाणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसांचा अनुभव याच फरकापाशी येऊन थांबतो : रोजचे पाणी उपसायचे असते, जुने पाणी लक्षात ठेवायचे असते.

महाराष्ट्रात दगडी कोळसा विदर्भातच निघतो. नागपूर जिल्ह्यात कामठी आणि उमरेड ही कोळसाक्षेत्रे आहेत, तर चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत वर्धा नदीचे खोरे आहे. वरोऱ्याची सरकारी खाण 1906 मध्ये बंद झाली आणि कामाचा भर बल्लारपूरकडे सरकला. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर इथल्या बहुतेक खाणी नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘वेकोलि’कडे आल्या. सिलेवाडा, पाटणसावंगी, सावनेर, दुर्गापूर रयतवारी, महाकाली, नांदगाव, बल्लारपूर, सास्ती ही नावे भूमिगत खाणींच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. नकाशावर पाहिले तर यांतल्या बऱ्याच खाणी कन्हान, वर्धा, इरई, झरपट अशा एखाद्या नदीच्या जवळ आहेत. नदीखोरे आणि कोळसा एकाच सखल पट्ट्यात आल्यामुळे पाण्याचा प्रश्न इथल्या खाणकामाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

खडकांची रचनाही पाण्याच्या बाजूची आहे. कोळसा असतो तो गोंडवन काळातल्या बराकर या थरसमूहात. त्याच्यावर अनेक ठिकाणी कामठी थरसमूहाचा जाडाभरडा, लोहयुक्त वालुकाश्म पसरलेला आहे. नागपूरजवळच्या कामठीवरूनच भूवैज्ञानिकांनी त्याला हे नाव दिले. हा वालुकाश्म भरलेल्या माठासारखा असतो : कणाकणात पाणी धरतो आणि जिथे मोकळी बाजू मिळेल तिथे पाझरत राहतो. गावकऱ्यांच्या विहिरींना आणि कूपनलिकांना तो उदार आहे, आणि त्याच कारणाने खाणीला तो त्रासदायक आहे. कोळसा काढण्यासाठी खाली पोकळी केली की वरचे पाणी त्या दिशेने चालू लागते.

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या वाचकाच्या ओळखीचा खडक वेगळा आहे. उदाहरणार्थ, भिवंडीच्या जमिनीखाली कोळसा नाही. तिथे दख्खनच्या लाव्ह्याचे, बेसाल्टचे थर आहेत. घट्ट बेसाल्ट स्वतःत पाणी साठवत नाही. पाणी असते ते त्याच्या सांध्यांत, भेगांत, झिजलेल्या वरच्या भागात आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या पट्ट्यात. भिवंडी तालुक्यातल्या गुंदवलीपासून ठाण्यातल्या कापूरबावडीमार्गे भांडुप संकुलापर्यंत मुंबई महापालिकेने सुमारे 15 किलोमीटरचा जलबोगदा याच खडकात खोलवर खोदला. अशा बोगद्याचे काम चालू असताना पाणी ठरावीक भेगांशी भेटते आणि त्या भेगा सिमेंटचे पाणी दाबाने भरून बंद करता येतात. वालुकाश्माखालच्या कोळसा खाणीत अशी एखादी भेग शोधून काम भागत नाही, कारण छताचा पत्राच पाझरता असतो. मात्र गुंदवलीच्या बोगद्याने एक धडा खाणीसारखाच दिला. ठाण्यात कुणीतरी पाडलेल्या कूपनलिकेने बोगद्याला इजा झाली, गळती सुरू झाली, आणि 2023 मध्ये दुरुस्तीसाठी मुंबईच्या पाण्यात कपात करावी लागली. जमिनीखाली काय आहे याची नोंद जमिनीवर छिद्र पाडणाऱ्याच्या हाती नसली की काय होते, ते यातून दिसते. कोळसाक्षेत्रात शोधासाठी पाडलेले जुने बोअर नीट बुजवले नाहीत तर तेच बोअर वरच्या वालुकाश्मातले पाणी सरळ खाणीत उतरवतात. म्हणून प्रत्येक बोअरची जागा, खोली आणि तो कशाने बुजवला ही नोंद खाणीच्या नकाशावर असावी लागते.

खाणकामाची पद्धत बदलली की पाण्याची वागणूकही बदलते. इथल्या भूमिगत खाणी बहुतांशी खांब आणि गॅलरी पद्धतीने चालतात. पहिल्या टप्प्यात कोळशाच्या थरात आडवे-उभे रस्ते, म्हणजे गॅलऱ्या, काढतात आणि मध्ये कोळशाचेच खांब ठेवतात. छत शाबूत असल्याने या टप्प्यात पाणी थेंबाथेंबाने येते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे डिपिलरिंगमध्ये, खांब काढत मागे सरकतात. मागे राहिलेल्या पोकळीत, खाणीच्या भाषेत गोफमध्ये, छत कोसळते. कोसळलेल्या भागाच्या वर भेगाळलेला पट्टा तयार होतो, आणि तो वालुकाश्माच्या जलधर थरापर्यंत पोचला तर काल ठिबकणारे पाणी आज धार धरते. भेगा थेट जमिनीपर्यंत गेल्या तर पावसाचे पाणीही त्याच वाटेने येते. म्हणून नदी, वस्ती, रस्ता किंवा रेल्वेमार्ग वर असेल तिथे एकतर खांब तसेच ठेवतात, नाहीतर पोकळी वाळूने भरतात. या भरणीला स्टोइंग म्हणतात. वाळू पाण्याबरोबर पाइपातून खाली सोडतात, वाळू लाकडी-बांबूच्या आडोशामागे बसते आणि पाणी गाळले जाऊन बाहेर येते. छत सावरले जाते, पण ते पाणी पुन्हा उपसावे लागते. स्टोइंग चालू असलेल्या खाणीत पंपाचा हिशेब करताना हे पाणी वेगळे धरतात.

उपशाची व्यवस्था उताराला धरून चालते. कोळशाचे थर तिरपे असतात, त्यामुळे पाणी आपोआप खालच्या बाजूला, डिपकडे, धावते. नेमके तिथेच नवे काम चालू असते. त्यामुळे फेसजवळ, म्हणजे कोळसा काढण्याच्या टोकाशी, लहान पंप ठेवून पाणी मधल्या साठवणीत आणि तिथून मुख्य सम्पमध्ये, म्हणजे उपशाच्या टाकीत, आणतात. मुख्य सम्प खाणीच्या सखल भागात, चांगल्या छताखाली, शक्यतो दोन कप्प्यांचा करतात. एका कप्प्यातला गाळ काढताना दुसरा चालू राहतो. गाळ काढणे हे कंटाळवाणे, दुय्यम काम वाटते. पण कोळशाचा बारीक चुरा आणि वाळू पंपात गेली की इम्पेलर (पंपातले फिरते चक्र) झिजतो, आणि तोच पंप तितकीच वीज खाऊन कमी पाणी फेकू लागतो. सम्पचा आकार ठरवताना एकच प्रश्न महत्त्वाचा असतो : वीज गेली किंवा पंप बिघडला, तर दुरुस्ती होईपर्यंतचे पाणी यात मावेल का? त्यासाठी राखीव पंप नुसता जागेवर असून पुरत नाही, तो अधूनमधून चालवून पाहिलेला असावा लागतो.

पंप चालू करण्याची रीत साधी दिसते, पण पंपखलाशाचे कसब तिच्यात असते. आधी सक्शन पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह पाण्यात पुरता बुडाला आहे का ते तो पाहतो. मग वरून पाणी ओतून पंप आणि सक्शन पाइप भरतो. हवेची तोटी उघडी ठेवून, तिच्यातून फेस यायचा थांबून अखंड धार लागेपर्यंत वाट पाहतो. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर सुरू करतो, दाबमापकाचा काटा चढून स्थिरावला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो आणि अँमीटरवर नजर ठेवतो. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या गळतीरोधक बैठकीतून, थोडे थेंब पडत राहिले पाहिजेत. ग्लँड कोरडी पडली तर शाफ्ट तापतो, फार सैल राहिली तर पंप हवा ओढतो. चालू पंपाचा आवाज कडकडू लागला, तर सम्पमधली पातळी खाली गेली आहे किंवा जाळीत कचरा अडकला आहे, हे मीटर पाहण्याआधीच त्याला कळते. मिथेन वायूच्या भीतीमुळे मोटर, स्विच सगळे ज्वालारोधक लागते. बिघाड झाला म्हणून कुणीही झाकण उघडून बसू शकत नाही.

उपशाचा खर्च साध्या गणिताने कळतो. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला तत्त्वतः पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंप, मोटर आणि पाइप यांतली घट धरली की ती अर्ध्या युनिटाजवळ जाते. समजा, एखाद्या खाणीतून दिवसाला 5,000 घनमीटर पाणी 150 मीटर वर काढायचे आहे आणि सगळ्या व्यवस्थेची कार्यक्षमता 60 टक्के आहे, तर रोज सुमारे 3,400 युनिट वीज फक्त पाण्यावर जाते. कोळसा निघो वा न निघो, संप असो वा सणाची सुटी असो, हा खर्च थांबत नाही. भूमिगत खाणीत सुटीच्या दिवशीही पंपखलाशी, विजेचा माणूस आणि सिरदार (आतल्या कामाची सुरक्षा पाहणारा कर्मचारी) कामावर का असतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

पावसाळ्याची तयारी जूनच्या आधी संपवावी लागते. खाणीचे तोंड त्या ठिकाणच्या पुराच्या आजवरच्या कमाल पातळीपेक्षा किमान 1.5 मीटर उंच असावे, असा कोळसा खाण विनियमांचा दंडक आहे. नदी, तलाव, कालवा यांच्या खाली किंवा लगत 15 मीटरच्या आत काम करायला परवानगी लागते. उन्हाळ्यात बांध तपासतात, गोफवरच्या जमिनीला पडलेल्या भेगा चिकणमातीने ठासून बुजवतात, खचलेले खड्डे भरतात आणि पाणी वळवणारे चर साफ करतात. पावसाळा लागला की नदीकाठी पहारा बसतो. धोक्याची खूण ठरलेली असते; पाणी तिथे पोचले की खाणीत निरोप जातो आणि माणसे बाहेर काढतात. वरच्या बाजूला धरण असेल तर विसर्गाची सूचना वेळेवर मिळणेही तितकेच मोलाचे असते. 2006, 2013 आणि 2022 च्या पावसाळ्यांत इरईचे पाणी चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत शिरले होते. अशा शहराच्या कुशीत खाणी चालवताना या पहाऱ्यात ढिलाई परवडत नाही.

पावसाळ्याचे पाणी मात्र दोन वेगवेगळ्या वेळी येते. भेगांतून उतरणारे पाणी पावसाबरोबर वाढते आणि पाऊस थांबला की ओसरते. वालुकाश्मातून येणारे पाणी उशिरा वाढते आणि आकाश निवळल्यावरही बराच काळ टिकते. व्ही-नॉचवरून, म्हणजे पाणी मोजण्याच्या व्ही आकाराच्या खाचेवरून, वाहणाऱ्या पाण्याची उंची रोज ठरल्या वेळी टिपली की हा फरक वहीत स्पष्ट दिसतो. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जवळ असलेला अधिकारी एखाद्या आठवड्यातली वाढ नेहमीची आहे की नवी वाट फुटली आहे, हे सांगू शकतो. नोंद नसली की प्रत्येक वाढ नेहमीचीच वाटते.

आता तिसरे पाणी. सोडून दिलेल्या कामांतला पंप थांबला की तिथे पाणी भरू लागते. एक हेक्टर क्षेत्रात तीन मीटर उंचीच्या थरातला फक्त 30 टक्के कोळसा काढला असेल, तरी 9,000 घनमीटर, म्हणजे 90 लाख लिटर पाण्याची जागा तयार होते. त्या पाण्याची पातळी चालू कामापेक्षा 60 मीटर उंच असेल, तर मधल्या कोळशाच्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे 60 टन दाब येतो. 4.2 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच गॅलरीच्या फेसवर तो साडेसातशे टनांच्या घरात जातो. भिंत पुरेशी जाड असते तोवर हे काहीच जाणवत नाही. ती पातळ झाली की सुरुंगाचा एक बार पुरतो. पाणी एकटे येत नाही. कोळसा, लाकडे, ट्रॉल्या ओढत आणि जुन्या कामांतली प्राणवायू नसलेली हवा पुढे ढकलत येते.

विदर्भाने हे सोसले आहे. 18 नोव्हेंबर 1975 रोजी नागपूर जिल्ह्यातल्या सिलेवाडा खाणीत पाणी शिरून 10 कामगार मृत्युमुखी पडले. त्याआधी 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत 63 जण बुडाले होते. त्या काळी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. सिलेवाड्यानंतर सहा आठवडे पुरे होण्याआधी, 27 डिसेंबर 1975 रोजी, धनबादजवळच्या चासनाला खाणीत पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. या तारखांकडे नीट पाहिले पाहिजे. तिन्ही हिवाळ्यातल्या आहेत. जमीन कोरडी असते, नद्या उतरलेल्या असतात, पावसाळ्याचा पहारा उठलेला असतो. पण खालचे साठे पावसाळ्यानंतर भरलेले असतात. खाणीत सावधगिरीचा हंगाम पावसाबरोबर संपत नाही, हे अनुभवी ओव्हरमन (सिरदारावरचे पर्यवेक्षक) नव्या माणसाला आवर्जून सांगतात, त्यामागे अशा घटनांची आठवण आहे.

कायद्याने याच आठवणीला नियमाचे रूप दिले आहे. 1957 च्या कोळसा खाण विनियमांनुसार, पाणी नसल्याची खात्री झालेली नाही अशा जुन्या कामापासून 60 मीटरच्या आत आल्यावर खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नव्हते. परवानगी मिळाल्यावरही गॅलरीची रुंदी आणि उंची 2.4 मीटरपेक्षा जास्त ठेवायची नाही आणि आधी छिद्रे पाडून मगच पुढे सरकायचे, अशी अट होती. 2017 मध्ये नवे विनियम आले, तरी आगाऊ छिद्रांची ही शिस्त खाणकामाचा पायाच राहिली आहे.

ते काम जवळून असे दिसते. फेसच्या मध्यावर एक छिद्र सरळ पुढे जाते. दोन्ही बाजूंना तिरपी छिद्रे पाडतात, कारण जुनी गॅलरी समोरच असेल असे नाही, ती बगलेलाही असू शकते; गरज पडली तर वर आणि खालीही पाडतात. कोळसा कितीही काढला तरी छिद्राचे टोक फेसच्या पुढे निदान तीन मीटर राहिले पाहिजे. तेवढी लांबी उरली की काम थांबते आणि पुन्हा ड्रिल लागते. हाताशी निमुळत्या लाकडी खुंट्या तयार असतात. छिद्रातून पाणी आले तर खुंटी ठोकून ते बंद करतात. जास्त दाबाची शक्यता असेल तर आधीच सिमेंटमध्ये पाइप बसवून त्याला व्हॉल्व्ह लावतात. मग पाण्याचा दाब मोजता येतो आणि ते पंपाला झेपेल एवढेच सोडून जुना साठा हळूहळू रिकामा करता येतो. मागे पळायची वाट मोकळी ठेवतात आणि वायू तपासत राहतात, कारण पाणी संपल्यावर त्याच छिद्रातून कोंदट हवा येते. या कामात दिवसाची प्रगती फार थोडी असते. उत्पादनाच्या आकड्यांची घाई असलेल्या खाणीत हा संथपणा टिकवणे, हीच व्यवस्थापनाची खरी कसोटी असते.

छिद्रे कुठे सुरू करायची हे ठरवतो नकाशा, म्हणून सर्वेअरच्या टेबलावरची चूक सगळ्यांत महाग पडते. राष्ट्रीयीकरणाआधीच्या अनेक खाणी लहान मालकांच्या होत्या. खाण बंद पडताना शेवटच्या दिवसांत काढलेला कोळसा नकाशावर चढलाच असेल, याची खात्री देता येत नाही. जुन्या नकाशावरचे अंतर 60 मीटर दिसत असेल, तर ते 60 मीटर आहे असे गृहीत धरता येत नाही. म्हणून शेजारच्या खाणींनी मिळून संयुक्त मोजणी करायची, दोन्ही नकाशे एकाच आधाररेषेवर आणि एकाच समुद्रसपाटीच्या संदर्भाने जुळवायचे, सीमेच्या दोन्ही बाजूंना 7.5 मीटर कोळसा हात न लावता ठेवायचा, आणि पाणी असलेले प्रत्येक क्षेत्र त्याच्या पातळीसह नकाशावर दाखवायचे, अशी पद्धत आहे. ही पातळी बदलती असते. बोअरमधून ती वेळोवेळी मोजून नकाशावर नवा आकडा लिहिला नाही, तर नकाशा जुना होतो.

नकाशाच्या जोडीला फेसवरच्या खुणा असतात आणि त्या वाचायला अनुभव लागतो. कोरडा कोळसा ओलसर दिसू लागतो. सांध्यांत तांबूस, गंजासारखा गाळ दिसतो. पाण्याला सडका वास येतो, कारण साचलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. भेगांतून फुसफुस ऐकू येते, फेस नेहमीपेक्षा गार लागतो. यांतले काहीही दिसले की सिरदाराने काम थांबवून माणसे मागे घ्यायची आणि मग वर कळवायचे, हा क्रम उलटा होता कामा नये. खुणा मात्र दर वेळी दिसतातच असे नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर छिद्रे टाळता येत नाहीत.

वर आलेल्या पाण्याची जबाबदारी खाणीच्या तोंडाशी संपत नाही. त्यात कोळशाचा चुरा असतो, तो निवळण टाक्यांत बसू द्यावा लागतो. गोंडवन कोळशात गंधक कमी असल्याने हे पाणी सहसा फार आम्लधर्मी नसते, पण ते बहुधा जड असते आणि त्यात क्षार असतात. म्हणून वापरापूर्वी तपासणी आणि शुद्धीकरण लागते. वेकोलिने पाटणसावंगी येथे खाणीचे पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद केले, आणि नागपूर जिल्ह्यातल्या खाणींचे पाणी महानिर्मितीच्या वीज केंद्रासाठी देण्याचे करार झाले. नदीचे गोडे पाणी त्यामुळे तेवढे वाचते, शेतीलाही हे पाणी उपयोगी पडते.

उपशाची दुसरी बाजू गावांच्या विहिरींत दिसते. खाण वर्षानुवर्षे पाणी खेचते तेव्हा आजूबाजूची भूजलपातळी तिच्याकडे उतरती होते. त्या उताराच्या कक्षेतल्या विहिरी आधी उन्हाळ्यात आणि पुढे त्याहूनही लवकर आटतात. अशा खाणींना केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि निरीक्षण विहिरींतून पातळी मोजत राहावी लागते. ज्या शेतकऱ्याची विहीर आटली, त्याला खाणीचे पाणी पाइपने पोचवणे हा उपकार नव्हे, ते त्याचेच पाणी आहे. उपशाच्या नोंदी आणि विहिरींच्या नोंदी शेजारी ठेवून गावासमोर मांडल्या, तर हा वाद अंदाजाऐवजी आकड्यांवर बोलता येतो.

खाण बंद होते तेव्हा पंप निघतात आणि पाणी पुन्हा आपल्या जुन्या पातळीकडे चढू लागते. काही वर्षांनी ती खाण शेजारच्या चालू खाणीसाठी तिसरे पाणी बनते. म्हणून बंद करताना शेवटच्या दिवसापर्यंतच्या कामाची मोजणी पुरी करून अंतिम नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे देणे, तोंडे आणि बोअर पक्के बुजवणे, पातळी मोजण्यासाठी निवडक बोअर राखणे आणि ते आकडे शेजारच्या खाणीला कळवत राहणे आवश्यक ठरते. भरलेली खाण हा मोठा जलसाठाही असतो; त्याचे पाणी वापरायचे ठरले तर त्यासाठीही किती क्षेत्र, कोणत्या पातळीवर, किती पोकळ आहे हे त्याच नकाशावरून काढावे लागते. खाण चालू असताना पंपखलाशी, सिरदार आणि सर्वेअर यांनी ज्या वह्या भरलेल्या असतात, त्या बंद होण्याच्या दिवशी रद्दीत न जाता पुढच्या खाणीच्या कार्यालयात पोचल्या, तर पाण्याचे व्यवस्थापन पूर्ण झाले असे म्हणता येते.